जगदेव आचाऱ्याची जाहिरात

“नाव पयले घ्याचं का काम पयले सांगाचं?” इंद्रभानने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता जगदेवच्या ओट्यावर बसल्या बसल्या नाकातून आवाज काढून दाखवला. “बंधू आनि भगिनींनो, शेलूबाजारच्या सर्व नागरिकांनो...”

जगदेव विळ्याला धार लावत होता. बंधू आणि भगिनी ऐकल्यावर त्याचा हात थांबला. हाच आवाज दीड-दोन महिन्यांपूर्वी याच गल्लीतून मतं मागत फिरत होता, सकाळी एका पक्षासाठी आणि उन्हं कलल्यावर दुसऱ्यासाठी. दोन्ही उमेदवार पडले. इलेक्शन संपलं, भाड्याची जीप मालकाकडे परत गेली आणि इंद्रभानकडे उरले दोन भोंगे, मोटारीची एक बॅटरी आणि बोलायची सवय. मॅट्रिकला पुन्हा पुन्हा गणितात आपटलेल्या या गृहस्थाने आता जाहिरातीचा धंदा काढला होता, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून देवाने जगदेव आचाऱ्याला धाडलं होतं.

“भगिनी कायले?” जगदेव म्हणाला. “सैपाकाची जाहिरात हाये का राखीची?”

“काका, सुरुवात तशीच कराव लागते. नाहीतं लोकं कान देत नाहीत. बरं, काम काय काय सांगू?”

“सगळ्या प्रकारचा सैपाक, एवढंच सांग. जास्त बडबड करू नोको.”

इंद्रभानचं तोंड उतरलं. एवढ्याशा मजकुरात भोंगा तापायचासुद्धा नाही, असं त्याला वाटत असावं.

जगदेवला हा सगळा प्रकार मनापासून किळसवाणा वाटत होता. तीस वर्षं त्याने पंगती घातल्या, पण कुणाच्या दारात जाऊन ‘काम आहे का’ असं त्याने कधी विचारलं नव्हतं. लोक येत. लग्नाचं काम असलं की घरचा कर्ता माणूस नारळ-सुपारी घेऊन यायचा, ओट्यावर ऐसपैस बसायचा, पाणी प्यायचा, किती पानं उठतील ते सांगायचा. तेरवीचं, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचं, काम असलं की रीत वेगळी. येणारा माणूस अनवाणी यायचा, ओट्याखाली उभा राहायचा, बसायचा नाही, पाणी प्यायचा नाही. “जगदेवभाऊ, येजा,” एवढंच म्हणायचा. जगदेव मान हलवायचा. दर नाही, घासाघीस नाही, आणि तेरवी हा शब्द दोघांच्याही तोंडात नाही.

या कामाची पथ्यंही कडक होती. तेरवीचा स्वयंपाक करणाऱ्याने आजारी माणसाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. गल्लीत कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर त्याने मागच्या वाटेने जायचं. जगदेवचा सख्खा मामा जऊळक्याला किती तरी दिवस झिजत पडला होता. मामाच्या मांडीवर वाढलेला हा भाचा त्याला भेटला तो थेट स्मशानात. हे पथ्य त्याने पाळलं, आणि ते पाळल्याबद्दल गावाने त्याला कधी शाबासकी दिली नाही. गाव त्याच्याबद्दल एकच गोष्ट कौतुकाने सांगायचं: जगदेव स्वस्तात पडते. ज्या लोकांनी त्याच्या हातची कढी द्रोणाच्या द्रोण ओरपली, त्यांना स्तुतीसाठी दुसरा शब्द सापडू नये, याचा त्याला संताप यायचा. पण दर वाढवायचं म्हटलं की त्याचीच जीभ उचलायची नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र वैशाख अर्धा सरला तरी त्याच्या ओट्यावर सुपारी घेऊन कुणी बसलं नव्हतं. अकोल्याकडून मदनसिंग नावाचा एक काँट्रॅक्टर आला होता. त्याच्यापाशी मंडप होता, टेबल-खुर्च्या होत्या, जीप होती, आणि बाजाराच्या दिवशी वाटायला गुलाबी पत्रकं होती. लोकांना खुर्चीवर बसून जेवायचं भारी अप्रूप वाटू लागलं. जगदेव अशा एका लग्नात मुद्दाम जेवून आला. पुऱ्या वातड होत्या, भाजीत नुसतं तिखट होतं, आणि लोक पाय हलवत, घड्याळं दाखवत मिटक्या मारत होते. असल्या लोकांसाठी आपण तीस वर्षं मीठ चाखून पाहिलं, या विचाराने त्याचं डोकं फिरलं.

“मंग तुमी बी सांगा नं लोकाइले,” विजयमाला, त्याची बायको, म्हणाली. “तुमी चूल पेटवता का सोडून देल्ली, कोनाले मालूम हाये?” ती रोज म्हणू लागली, आणि रोज ऐकून ते जगदेवला थोडं थोडं खरं वाटू लागलं.

अमृतलालला ते पटलं नव्हतं. हा किराणा दुकानदार जगदेवचा जुना स्नेही. पंगतीचं सगळं सामान त्याच्याकडून जायचं. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर साबणाच्या, चहाच्या, बिडीच्या पत्र्याच्या पाट्या ठोकलेल्या होत्या. जगदेवने त्यांच्याकडेच बोट दाखवून विचारलं, या कंपन्या काय मूर्ख आहेत?

“साबनाची गोष्ट अलग हाये,” अमृतलाल तराजूतली तूरडाळ सारखी करत म्हणाला. “जेवढा बोंबलसान तेवढा खपते, कारखान्यात अजून बनते. तुमी तं एका दिवशी एकाच चुलीपाशी उभे राह्यता, भाऊ. साऱ्या गावाले आयकवून करता काय? दहाजन आले तं नवाइले वापस धाडसान. आन जो उरंल तो भाव पाडाचा म्हनूनच आलेला राहीन.”

“मंग मदनसिंगचं कसं चालते?”

“तो कुठी सैपाक करते? तो मानसं धाडते.”

अमृतलालचं म्हणणं खरं आहे, हे जगदेवला तिथेच कळलं, आणि म्हणूनच त्याला जास्त राग आला. गादीवर बसून दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं, असं मनात म्हणत तो घरी आला आणि त्याने इंद्रभानला निरोप धाडला. एका अख्ख्या लग्नाची मजुरी त्या भोंग्यात गेली.

खरं सांगायचं तर त्याला बाकीच्या गावाचं एवढं पडलेलं नव्हतं. टेबल-खुर्चीवाले मदनसिंगकडे जात असले तर खुशाल जावोत. एक घर मात्र जायला नको होतं. रस्त्याच्या टोकाला असलेलं तुळशीरामचं घर. तुळशीरामची आई रंगूबाई, तिनेच जगदेवला आचारी केला होता. तिच्या घरच्या एका लग्नात ठरवलेला आचारी दारू पिऊन पडला, तेव्हा भाज्या चिरणाऱ्या गड्याच्या पोराच्या हाती तिने झारा दिला आणि स्वतः शेजारी उभी राहिली. कढीला उकळी फुटायच्या बेताला तिने त्याच्या मनगटावर चापट मारून हात थांबवला होता आणि जाळ ओढून घ्यायला लावला होता. त्या दिवसापासून त्या घरची एकही पंगत जगदेवशिवाय उठली नाही. नवऱ्याच्या तेरवीला ती मागच्या आवारात चुलीपाशी आली होती आणि तिने जगदेवच्या हातावर आपल्या हाताने सुपारी ठेवली होती. “हे माही,” ती म्हणाली होती. “माह्या टायमाले दुसऱ्या कोनाचा हात लागू देजो नोको.”

जिवंत माणसाने आपल्या तेरवीचं बोलावणं आपल्या हाताने द्यावं, एवढा मान जगदेवला आयुष्यात कुणी दिला नव्हता. होळीपासून रंगूबाई अंथरुणाला खिळली होती, आणि तेव्हापासून जगदेव बाजारात जायला मागची वाट धरत होता.

बाजाराच्या दिवशी इंद्रभान निघाला. जीप नव्हती, म्हणून त्याने बापाची दमणी, ती हलकी बैलगाडी, जुंपली होती आणि भोंगे तिच्या दांड्यांना बांधले होते. इकडे जगदेव घराचं दार लोटून आत बसला. आपलं नाव भोंग्यातून गल्लीगल्लीने येताना ऐकून त्याला घाम फुटला. कुत्री भुंकत होती, बायका दारात येऊन पदर तोंडाला लावत होत्या. गावातल्या प्रत्येकाला माहीत असलेला माणूस गावातच राहतो, हे गावाला ओरडून सांगण्यासाठी आपण पैसे मोजले, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

इंद्रभानची अडचण वेगळीच होती. दोन आळ्या होईतो त्याला स्वतःचाच मजकूर कंटाळवाणा वाटू लागला. इलेक्शनात निदान विहिरी, सडका, वीज अशी आश्वासनं तरी असायची. सगळ्या प्रकारचा स्वयंपाक म्हणजे काय, ते लोकांना फोड करून सांगायला हवं, असं त्याने ठरवलं. घेतलेल्या पैशांपेक्षा कमी बोलणं त्याला बेइमानी वाटत होतं. तेव्हा साक्षगंध, लग्न, बारसं, भंडारा असं करत करत तो तेरवीपर्यंत पोचला आणि ‘एक वेळ सेवेची संधी द्या’ असं नम्रपणे म्हणू लागला.

तुळशीरामच्या घरासमोर कडुनिंबाची दाट सावली आहे. बैल तिथे आपणहून थांबले. तेवढ्यात बॅटरीची तार सुटली. इंद्रभानने ती बसवली आणि भोंगा चालतो का ते पाहण्यासाठी शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. तेरवी, हॅलो, तेरवी. जगदेव आचारी, तेरवी. एक वेळ संधी द्या, हॅलो. आत खिडकीशी रंगूबाई पडली होती.

तिन्हीसांजेला अमृतलाल दुकान उघडं टाकून जगदेवच्या दारात आला, आणि घडलं ते सारं त्याने खालच्या आवाजात सांगितलं. तुळशीराम काठी घेऊन धावला होता, शेजाऱ्यांनी धरला म्हणून इंद्रभान वाचला.

जगदेव उठला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला. जाणार कुठे? आजारी माणसाच्या दारात तेरवीच्या आचाऱ्याने माफी मागायला जायचं म्हणजे भोंग्याने सांगितलेलं आपल्या पायांनी पक्कं करायचं. त्याला रडू आलं आणि त्या रडूचाही राग आला. शेवटी त्याने अमृतलालचे हात धरले आणि त्यालाच धाडलं.

अमृतलाल परत आला. तुळशीराम एवढंच म्हणाला होता, की आमच्या घरचं कुणी आता जगदेवच्या ओट्यापाशी उभं राहणार नाही.

“आन बाई?” जगदेवने विचारलं.

“बाईनं मले जवळ बलावलं,” अमृतलाल अडखळला. “म्हने, जगदेवाले इचारा, एवढी घाई काहून झाली त्याले.”

जगदेवला लाज म्हणजे काय ते त्या संध्याकाळी समजलं. तो जेवला नाही.

पुढचे काही दिवस जाहिरातीची फळं पिकून ओट्यावर पडू लागली. एक मास्तर आले. त्यांना मुलीच्या वाढदिवसाला सहा-सात माणसांचं जेवण हवं होतं, श्रीखंडासकट, आणि ‘जाहिरातीतला दर’ काय ते विचारायचं होतं. एका बाईला लोणचं घालून हवं होतं. जऊळक्याहून एक इसम एसटीने आला, मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, ओरडून राह्यला म्हणजे काम नसंल, मंग अर्ध्यात काहून करत नाही? जगदेवने सगळ्यांना एका सुरात वाटेला लावलं. आणि जे लोक कधी काळी नारळ घेऊन यायचे, ते आता रस्त्यात भेटले की कीव केल्यासारखं बघायचे. ज्याला गरज असते तो ओरडतो, एवढं त्यांना समजत होतं; ज्याच्या हातचं खाल्लं त्याला आपण यंदा बोलावलं नाही, हे समजत नव्हतं. अमृतलालने सांगितलेलं सगळं खरं ठरलं होतं. चांगला माणूस असल्यामुळे तो तसं बोलून दाखवत नव्हता.

सगळ्यावर कळस इंद्रभानने चढवला. तो पुन्हा आला आणि म्हणाला, काका, एका फेरीनं काही होत नाही, पहिल्यांदा लोक ऐकतात, दुसऱ्यांदा ध्यानात ठेवतात, दुसरी फेरी स्वस्तात करून देतो. जगदेवने त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर खोट नव्हती, लबाडी नव्हती, पश्चात्तापही नव्हता. शिव्या द्यायच्या तर त्या आत शिरायला जागा तरी हवी, असं वाटून तो आत निघून गेला.

जेठात रंगूबाई गेली. आता जायला हरकत नव्हती. जगदेव प्रेतयात्रेत सगळ्यांच्या मागून चालला, स्मशानात लांब उभा राहिला. तुळशीरामने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर तो रोज सकाळी अंघोळ करून ओट्यावर बसू लागला. वाट कसली पाहतो, ते त्याने विजयमालालाही सांगितलं नाही. अनवाणी माणूस आला नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी त्याच्या दारात जीप थांबली. मदनसिंग खाली उतरला, चपलांसकट ओट्यावर चढला आणि बसला.

“तुमीच का ते भोंगेवाले?” त्याने हसून विचारलं. “त्या बाजाराले आयकलं होतं मी. बरं वाटलं, या खेड्यात कोनाले तरी धंद्याची अक्कल हाये म्हनून. माहा कढीवाला तापानं पडला. उद्या इथंच काम हाये, रस्त्याच्या टोकाचं मोठं घर. मोठी पंगत हाये. येता का?”

त्याला कशाचीच खबर नव्हती. जगदेवचं सारं अंग तापलं. हा माणूस, ज्याच्या पुऱ्या चावता चावत नव्हत्या, तो रंगूबाईच्या चुलीवर हात चालवणार, आणि जगदेवला तिथे मजूर म्हणून ये म्हणतो. भोंग्याला मोजलेल्या पैशांचं हे एवढं एकच खरं गिऱ्हाईक. बाकीच्यांना घालवलं तसं यालाही जीपमध्ये बसवून द्यावं, असं त्याच्या ओठावर आलं. मग त्याला ती मनगटावरची चापट आठवली आणि बोलणं ओठावरच राहिलं.

“येतो,” तो म्हणाला. “पन माहं नाव सांगाचं नाही तिथं कोनाले.”

मदनसिंग पुन्हा हसला. “माह्या मानसाइले नाव नसते.”

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत जगदेव मदनसिंगच्या माणसांबरोबर मागच्या दाराने त्या आवारात शिरला. धुराचं निमित्त करून त्याने उपरणं नाकापर्यंत बांधून घेतलं. त्याच्या शेजारचा गडी बिडी ओढत वडे तळत होता, दुसरा पोळ्यांच्या कणकेत मीठ आपल्या अंदाजाने फेकत होता, आणि मदनसिंग खुर्चीवर बसून ‘आटपा, आटपा’ करत होता. जगदेवने मान वर केली नाही. ताक घुसळलं, बेसन कालवलं, फोडणी घातली, आणि उकळी फुटायच्या बेताला जाळ ओढून घेतला. असल्या लोकांच्या मेळ्यात आपण उभे आहोत याची त्याला घाण वाटत होती, आणि तरीही एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे हात जागेवर आले होते.

घरच्यांनी नैवेद्य दाखवला आणि पुढच्या अंगणात पहिली पंगत बसली. शेवटच्या पंगतीला तुळशीराम मागे आला. डोक्याचं मुंडण झालेलं, हातात कढीचा द्रोण. मदनसिंग खुर्चीवरून उठून उभा राहिला.

“कढी कोनं केली?” तुळशीरामने विचारलं.

“माह्या मानसानं. काही कमी-जास्त झालं का, मालक?”

तुळशीरामने चुलींकडे पाहिलं. धुरात पाच-सहा माणसं होती, सगळ्यांची तोंडं बांधलेली. जगदेव नीट पेटलेल्या जाळात उगाचच लाकूड सारत होता. याच आवारात पोरवयापासून ज्याने त्याला पाठमोरा पाहिलं होतं, त्याला तोंड पाहायची गरज नव्हती. तुळशीराम जागचा हलला नाही. आता काठी येणार, हाकलून देणार, असं जगदेवला वाटलं, आणि आपण एक शब्दही बोलायचा नाही असं त्याने ठरवलं.

“तुमच्या मानसाले सांगा,” तुळशीराम मदनसिंगला म्हणाला, “मायले अशीच आवडत होती.”

तो द्रोण हातात घेऊन पुढे निघून गेला. वाढपी आले आणि शेवटली कढी बादलीत ओतून घेऊन गेले.

मदनसिंगची छाती फुगली. “आयकलं का रे, मालक काय म्हनून राह्यले?” त्याने चुलीकडे तोंड करून आवाज दिला. “अन तो कढीचा गंज रिकामा झाला तं घासून टाक.”

त्या चुलीवर तीस वर्षांत जगदेवला कुणी ‘अरे’ म्हटलं नव्हतं, आणि भांडी आचारी घासत नाही. तो “हाव” म्हणाला, उपरणं तोंडावरून न काढता गंजापाशी खाली बसला, आणि तळाची लागलेली कढी हाताने खरवडू लागला.